सपाट केलेला दगड

वडील गेले तेव्हा त्यांची दाढी अकरा दिवसांची होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या केलेल्या आणि स्वतःची एक दिवसही न चुकवलेल्या माणसाच्या बाबतीत ही नोंद आधी करायला हवी. ती दाढी वाढली माझ्या एका निर्णयामुळे. निर्णय एका दगडाबद्दलचा होता.

घाटकोपरला त्यांचं सलून होतं. तीन खुर्च्या, तीन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. एका खुर्चीवर ते, दुसरीवर त्यांच्या गावचे एक जोडीदार, तिसरी येणाऱ्याजाणाऱ्या कारागिरांची. ब्लेडमधून एड्स होतो अशी भीती पसरली तेव्हा गिऱ्हाइकं पाकिटातलं नवं पातं डोळ्यांसमोर फोडून मागू लागली. वडिलांनी दुकानात अर्ध्या पात्याचा वस्तरा आणला आणि जुना, अखंड पोलादी पात्याचा वस्तरा घरी नेला. त्याच्याबरोबर चामड्याचा पट्टा आणि धारेचा दगडही घरी आला. स्वतःची दाढी ते शेवटपर्यंत त्या जुन्या वस्तऱ्यानेच करत.

या वस्तू धोपटीत असत. धोपटी म्हणजे त्यांच्या वडिलांची कातडी पिशवी, कोकणातून आलेली. घरात तिला कोणी हात लावायचा नाही, बायकांनी तर नाहीच. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, वस्तरा, कात्री, पट्टा आणि दगड पाटावर मांडले जात. आई प्रत्येकाला हळदकुंकू लावायची, एकेक झेंडूचं फूल ठेवायची. त्या दिवशी धार लावायची नाही, दाढीही नाही. एवढाच तिचा त्या वस्तूंशी संबंध. माझा तेवढाही नव्हता. मी वर्तमानपत्रात गेले.

दगड हाताच्या पंजाएवढा लांब, तीन बोटं रुंद. राखाडी, ओला केला की हिरवट दिसायचा. कुठल्या खाणीतला, हे वडिलांना माहीत नव्हतं. मधोमध तो झिजला होता. खड्डा म्हणावा इतका नाही, पण पाणी ओतलं तर मध्ये थांबायचं.

आई गेल्यावर चार वर्षांनी वडिलांचे हात थरथरू लागले. दुकान त्याआधीच बंद झालं होतं, इमारत पुनर्विकासाला गेली आणि जोडीदार मुलाकडे मुलुंडला राहायला गेले. एका सकाळी वडील हनुवटीला बोळा दाबून बाहेर आले आणि मला म्हणाले, आजपासून तू कर. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि दुपारच्या पाळीत बातम्या तपासत होते.

त्यांनी मला फुग्यावर शिकवलं. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा, आणि वस्तऱ्याने फेस उतरवायचा. पहिल्या आठवड्यात मी नऊ फुगे फोडले. प्रत्येक वेळी ते तेच म्हणत. "फुगो फुटलो, गिऱ्हाईक ग्येला." दहावा टिकला तेव्हा त्यांनी टॉवेल खांद्यावर घेतला आणि खुर्चीत बसले.

त्यांचा एक नियम होता. कानाजवळून पहिला हात खाली आणला की थांबायचं. लागतंय का, असं विचारायचं. उत्तर आल्याशिवाय वस्तरा पुन्हा गालाला लावायचा नाही. गिऱ्हाईक रोजचं असो वा नवं, त्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता. दुसरी गोष्ट त्यांनी नियम म्हणून सांगितली नाही, सहज बोलले. "गिऱ्हाईकान डोळे मिटल्यान की समजायचा, हात बसलो."

सुरुवातीला ते माझ्या मनगटाकडे बघत राहत. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी लागतंय का विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं आणि डोळे मिटले. दाढी संपेपर्यंत उघडले नाहीत.

धार मात्र तेच लावत. हात हवेत थरथरायचे, दगडावर टेकले की स्थिर व्हायचे. हे असं का, ते मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी दिलेलं उत्तर मला आता आठवत नाही.

मग विसरणं सुरू झालं. आधी भाजीवाल्याची गल्ली, नंतर आई गेल्याचं, नंतर मी. तू कोण गो, असं ते अगदी अदबीने विचारत, जसं नव्या गिऱ्हाइकाला विचारावं. दिवसा त्यांच्याजवळ बसायला एक मावशी येऊ लागल्या. भांडुपच्या, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. दाढी झाली की त्या मुद्दाम पुढ्यात उभ्या राहायच्या.

"काय बाबा, आज कुठे मुलगी बघायला जायचंय?"

"तुकाच बघतंय मां," असं वडील म्हणायचे.

सकाळची ती वीस मिनिटं त्यांना पूर्ण समजायची. गरम पाण्याची वाटी दिसली की ते स्वतः उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, हनुवटी वर करत. माझं नाव येत नसे, पण माझा हात त्यांना माहीत होता. दिवसातल्या इतर कोणत्याही वेळी त्यांना हात लावला तर ते अंग चोरत. म्हणजे माझ्याकडे त्यांचं जे काही उरलं होतं ते त्या वीस मिनिटांत होतं.

काही महिन्यांनी धार लावणंही ते विसरले. वस्तरा दगडावर ठेवायचे आणि तसाच धरून बसायचे. ते काम माझ्याकडे आलं. त्यांच्या हाताखाली हात ठेवून मी ते बघितलं होतं, त्यामुळे जमलं. वर्षभर ठीक चाललं. धार यायची, फक्त वेळ लागायचा.

माझं काम चुका काढण्याचं आहे. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातलं चुकलेलं शोधून सरळ करत आले. रोज समोर असलेल्या दगडातला खळगा मला चूक वाटू लागला. मी वाचायला घेतलं. वस्तऱ्याला धार लावणाऱ्या हौशी लोकांची पानं आहेत, व्हिडिओ आहेत, तासन्‌तास चालणारे वाद आहेत. दगड कोणता घ्यावा यावर त्यांचं एकमत नाही, पण एका गोष्टीवर आहे. दगड सपाट हवा. पेन्सिलीने रेघा मारून सपाट काचेवर घासून तपासा, मधल्या रेघा पुसल्या गेल्या नाहीत तर दगड झिजलेला आहे, तो घासून सपाट करा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मी हे वाचलं. ऑफिसात दोन सूत्रांनी दुजोरा दिला की बातमी जाते. इथे तीन होती. माहिती बरोबरच होती. या वस्तऱ्याबद्दलची नव्हती.

मी रेघा मारल्या. मधल्या पुसल्या गेल्या नाहीत.

मी दगड पिशवीत घालत होते तेव्हा वडील पलंगावर बसले होते. त्यांनी बघितलं.

"खय नेतंस?"

साफ करून आणते, असं मी सांगितलं.

"आज नवमी आसा?"

त्यांच्या लेखी बाईच्या हातात तो दगड नवमीलाच असायचा. मी हो म्हटलं. वाद नको म्हणून हो म्हणायची सवय तोवर लागली होती. त्यांचं समाधान झालं.

आमच्या मागच्या गल्लीत स्वयंपाकघराचे ओटे कापून देणारा एक राजस्थानी कारागीर आहे. त्याने दगड उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. बहुत पुराना है, असं म्हणाला. मग विचारलं, "पूरा घिसूं?" मी मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं, "पूरा?" मी म्हटलं, पूरा. दहा मिनिटं लागली. पांढरं-हिरवं पाणी गटाराकडे वाहत गेलं. त्याने पैसे घेतले नाहीत, एवढ्याशा कामाचे काय, असं म्हणाला. दगड पातळ झाला होता, नव्यासारखा दिसत होता. घरी येऊन मी पुन्हा रेघा मारल्या. सगळ्या एकसारख्या पुसल्या गेल्या. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वस्तरा ओढला. म्हणजे केस कापण्याआधी त्यांना खेचू लागला. पात्याच्या मधल्या दोन बोटांइतक्या भागाला धार होती, दोन्ही टोकं बोथट. मी लागतंय का विचारलं. वडिलांनी उत्तर दिलं नाही आणि डोळे मिटले नाहीत. माझ्या मनगटाकडे बघत राहिले, पहिल्या महिन्यात बघत तसे.

मला वाटलं, हा दगडच संपला. नवा घ्यावा लागेल. पुढचे तीन आठवडे मी दगड शोधत होते, आणि दाढी पात्याच्या मधल्या भागाने कशीबशी करत होते. घाटकोपरच्या हार्डवेअरच्या दुकानात कोयत्याचा काळा दगड मिळाला. बोटाने चोळला तर त्वचा खरवडत होता, वस्तऱ्याचं पातं त्याने खाऊन टाकलं असतं. अंधेरीत सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी मला कौतुकाने विचारलं, मॅडम, म्युझियमसाठी हवाय का? मग ब्लेडचा खोका पुढे केला, आणि शेवटी आतून एक जुना तुकडा शोधून दिला. तिसरा मी मोबाइलवरून मागवला. पांढरा, विटेसारखा चौकोनी, बाजूला जाडी-बारकाईचा आकडा छापलेला. पाणी टाकलं की तो पिऊन टाकायचा.

दगड कसा पारखायचा ते वडिलांनी मला कधी शिकवलं नव्हतं, पण त्यांना करताना मी लहानपणी बघितलं होतं. अंगठ्याचं नख त्यावरून ओढायचं आणि नखावर ओरखडा आला का ते उजेडात बघायचं. पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि ते मुरतात की वरच राहतात ते बघायचं. शेवटी ओला दगड खालच्या ओठाला लावायचा. बोटांना घट्टे पडले होते, ओठाला नव्हते. बारीक दगड ओठाला साबणासारखा लागतो.

मी तिन्ही दगड आणि चौथा आमचा, असे ताटात मांडून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांना कळेल अशी आशा नव्हती, पण विचारायला दुसरं कोणी नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. त्यांनी काळ्याला हात लावला नाही. अंधेरीच्या तुकड्यावरून नख ओढून तो खाली ठेवला. पांढऱ्याकडे बघून ते हसले. मग त्यांनी आमचा उचलला. पाण्यात बुडवला. मधोमध अंगठा ठेवला, जिथे इतकी वर्षं पाणी थांबायचं, आणि अंगठा तिथेच हलवत राहिले. नंतर दगड ओठाला लावला.

"ह्यो माझो न्हय," ते म्हणाले, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

चार दिवसांनी वस्तरा जबड्याखाली अडकला आणि रक्त आलं. फार नाही. मी तुरटी लावली. वडिलांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. जोर फार नव्हता, पण सोडायला ते तयार नव्हते. ती अर्धवट दाढी मी मावशींच्या मदतीने कशीबशी पुरी केली. ती शेवटची. अकरा दिवस तिथून मोजलेले आहेत.

मी औषधाच्या दुकानातून साधा रेझर आणला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि बशीत ठेवला. मग मी खालच्या सलूनमधल्या कारागिराला वर बोलावलं. तो आला, पिशवी उघडली. वडील खुर्चीतून उठले. त्यांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल त्याच्या गळ्याभोवती लावला आणि आरसा शोधू लागले. कारागीर भला होता. पाच मिनिटं तसाच बसून राहिला. मग म्हणाला, काका, छान झाली, आणि पैसे न घेता गेला. मावशी पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात गेल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी बघितलं नाही.

सहाव्या दिवशी मी मुलुंडला गेले, वडिलांच्या जोडीदाराकडे. दुकानदारांना विचारलं, अनोळखी लोकांचे वाद वाचले, पण शेजारच्या खुर्चीवर सव्वीस वर्षं उभा असलेला माणूस मला आठवला नाही. शिकाऊ बातमीदाराने असं केलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

काकांचे गुडघे गेले होते, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी वस्तरा आणि दगड त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी दगडावरून हात फिरवला आणि थांबले.

"हा कुणी घासला?"

मी सांगितलं. का घासला तेही सांगितलं. ते रागावले नाहीत.

"अगं, तो खळगा तुझ्या बापाने मुद्दाम पाडला नव्हता. धार लावता लावता पडला. आणि दगड मधे बसला तसं पात्याला पोट आलं. हे बघ." त्यांनी वस्तरा सपाट दगडावर ठेवला. पात्याखालून दोन्ही टोकांना उजेड दिसत होता. "आता पोटच टेकतं. शेंडा नि बूड हवेत. तू कितीही घास."

मग दगडात काही दोष नव्हता का, मी विचारलं.

"दगडाला काय झालंय? चांगला आहे. वस्तराही चांगला आहे." त्यांनी वस्तरा मिटला. "मला विचारायचंस ना गं. मुलुंड काय परदेशात आहे?"

उपाय होता. वस्तरा सपाट ओढायचा नाही, ओढताना मनगट किंचित वळवायचं. आधी बूड टेकवायचं, मग पोट, मग शेंडा, एकाच ओढीत, होडी डुलते तसं. त्यांनी मला दोन तास ते करायला लावलं. शेवटी म्हणाले, चार-पाच दिवस घरी कर, येईल. पुढच्या रविवारी नातू गाडीने आणणार आहे, तेव्हा मी बघतो.

मी ऑफिसातून सुट्टी घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तेच करत राहिले. वडिलांची दाढी पांढरी, दाट वाढत होती. ते सारखा गालावरून हात फिरवत आणि हाताकडे बघत, जणू कोणाचा तरी गाल चुकून त्यांना मिळाला होता. मावशींनी एकदा नेहमीसारखं विचारलं, बाबा, आज मुलगी बघायला नाही का जायचं? त्यांनी मान हलवली. असा कसा जाऊ, असं म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी धार आली. मी हातावरच्या केसांवर तपासली. बूड, पोट, शेंडा, तिन्ही ठिकाणी केस न ओढता उतरले. पुन्हा तपासलं. मग वडिलांना दाखवलं. ते जेवत होते. छान हा, असं म्हणाले.

शुक्रवारी सात वाजता त्यांनी चहा घेतला, अर्धी पोळी खाल्ली आणि पुन्हा आडवे झाले. साडेनऊच्या सुमारास मी पाणी गरम केलं. पट्टा खिडकीच्या कडीला अडकवला आणि वस्तरा त्यावरून फिरवायला सुरुवात केली. चाळीस वेळा, असा त्यांचा हिशोब होता. वीस जाताना, वीस येताना नव्हे, जाऊन-येऊन एक. मी मोजून चाळीस केले. वाटी, ब्रश, टॉवेल घेऊन खोलीत गेले. खुर्ची खिडकीजवळ सरकवली. एरवी या आवाजाने ते उठायचे.

डॉक्टर दहा वाजता आले आणि म्हणाले, अर्धा तास झाला असावा. म्हणजे मी पट्टा अडकवत होते तेव्हा.

अकरापर्यंत घरात माणसं जमली. चुलत्यांनी अंघोळ घालायची तयारी सुरू केली. दाढी खूपच वाढलीय, खालच्या सलूनवाल्याला बोलवा, असं कोणीतरी म्हणालं. त्याच वेळी मुलुंडचे काका आले, नातवाच्या खांद्याला धरून, तिसरा मजला चढून. ते वडिलांजवळ बसले, त्यांच्या गालावरून उलटा हात एकदा फिरवला. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी वस्तरा दिला. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली, बुडापासून शेंड्यापर्यंत, हळू. आणि वस्तरा मला परत दिला.

"लागलीय," ते म्हणाले. "तूच कर."

बाईने हे करावं का, असं एका चुलत्यांनी दबक्या आवाजात विचारलं. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, एवढंच.

पाणी थंड झालं होतं. मावशींनी पुन्हा गरम करून आणलं. मी फेस केला, लावला. वडिलांचे डोळे मिटलेले होते. ते सकाळी मीच मिटले होते.

कानाजवळून पहिला हात खाली आणला. वस्तरा कुठेही ओढला नाही. मी थांबले. लागतंय का, असं विचारलं नाही. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबले आणि पुढचा हात घेतला.